सहलेखकाचं वाक्य बदलायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही आणि तुमचा मित्र मिळून कादंबरी लिहीत आहात. कथानक त्याला सुचतं, भाषा तुमची चांगली आहे. एक प्रकरण त्याने, एक तुम्ही, अशी वाटणी करून सहा प्रकरणं झाली. वाचायला दिली तेव्हा तिघांनीही सांगितलं, की ही दोन वेगळी पुस्तकं वाटतात. तुम्ही त्याची वाक्यं सुधारायला घेतली आणि तो दुखावला. आता वाटणी कशी बदलावी, असं तुम्ही विचारता आहात.

मी गेली चौदा वर्षं एकाच सहलेखकाबरोबर लिहिते आहे. आमच्या तीन कादंबऱ्या झाल्या. त्याआधी दुसऱ्या एका मैत्रिणीबरोबर सुरू केलेली एक कादंबरी अर्ध्यावर मोडली. या दोन्हींवरून सांगते: तुमची वाटणी चुकलेली नाही. वाटून लिहून झालं की त्या मजकुराचं पुढे काय करायचं, ते तुमचं ठरलेलं नाही. लिहायला बसण्याआधी दोघांनी एकाच गोष्टीचा सोक्षमोक्ष लावायला हवा. माझं वाक्य तू बदलू शकतोस का, आणि बदललंस तर मी काय करायचं? याचं उत्तर असेल तर कोणतीही वाटणी चालते. ते नसेल तर कोणतीच चालत नाही.

एकाआड एक प्रकरण लिहूनही एकसंध पुस्तक होतं, याचा मोठा दाखला स्वीडनमध्ये आहे. माय श्योवाल आणि पेर वालो या दोघांनी 1965 ते 1975 या काळात एका पोलीस अधिकाऱ्याभोवतीच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. मुलं झोपली की रात्री समोरासमोर बसायचं आणि प्रकरणं वाटून घेऊन लिहायची. तरीही सांधे दिसत नाहीत. आधी आराखडा तपशिलात पक्का असायचा, हे एक कारण. दुसरं कारण माझ्या दृष्टीने जास्त मोलाचं आहे: त्यांनी मुद्दाम अशी शैली शोधली जी तिचीही नव्हती आणि त्याचीही नव्हती. साधी, कोरडी, दोघांनाही पेलेल अशी. तुमच्या सहा प्रकरणांत आत्ता दोन शैली आहेत. तुमची त्याच्यावर लादलीत तर तो नुसता मदतनीस उरतो. हवी आहे ती तिसरी.

कथानक त्याचं आणि भाषा माझी, ही दुसरी वाटणी तुम्हाला मोहात पाडत असणार. तीही झालेली आहे. एलरी क्वीन या अमेरिकन रहस्यकथाकाराच्या नावामागे फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली हे दोन मावसभाऊ होते. डॅनेने रहस्याची तपशीलवार रूपरेषा तयार करायची आणि लीने तिचं गद्य करायचं, अशी पद्धत दीर्घकाळ चालली. पुस्तकं खपली, नाव झालं. पण त्या दोघांची पत्रं वाचली तर जीव कासावीस होतो. लीला वाटायचं, या रूपरेषेतली माणसं खऱ्या माणसांसारखी वागत नाहीत आणि त्यांना जिवंत करायचं ओझं माझ्यावर पडतं. डॅनेला वाटायचं, मी रचलेलं हा विस्कटतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. माणूस कसा बोलतो हे ठरलं, की तो पुढे काय करेल तेही निम्मं ठरून जातं, म्हणून कथानक आणि भाषा यांच्यामध्ये भिंत घालता येत नाही. ही वाटणी मी तुम्हाला सुचवणार नाही.

तिसरं टोक इल्फ आणि पेत्रोव्ह या रशियन विनोदी लेखकांचं. 1927 साली त्यांनी एकत्र लिहायला सुरुवात केली आणि ते वाक्यन् वाक्य एकत्र बसून लिहायचे. पेत्रोव्हने त्यांची एक रीत सांगून ठेवली आहे. एकच शब्द दोघांनाही एकाच वेळी सुचला तर तो टाकून द्यायचा. दोघांना सुचला म्हणजे तो तिसऱ्या-चौथ्यालाही सुचला असता, म्हणजे तो फार वरवरचा आहे. मला हे वाचून धक्का बसला होता, कारण आम्ही नेमकं उलटं करत होतो. दोघांचं एकमत झालं की आनंदाने तो शब्द ठेवायचो. त्यानंतर आमची सवय बदलली. आता दोघांनाही एखादं वाक्य पहिल्या फटक्यात पटलं की तिथे पेन्सिलने टिंब करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे पुन्हा येतो.

आता आमची पद्धत सांगते, म्हणजे तुम्हाला तुमची बेतता येईल.

पहिला खर्डा आम्ही वाटूनच लिहितो, पण प्रकरणांच्या क्रमाने वाटत नाही, पात्रांनुसार वाटतो. ज्या प्रसंगात ज्या पात्राच्या डोळ्यांनी पाहायचं आहे, ते पात्र ज्याचं त्याने तो प्रसंग लिहायचा. दोन आवाज वेगळे येणारच असतील तर ते दोन माणसांच्या कामी लावावेत. जेम्स एस. ए. कोरी या एकाच टोपणनावाने लिहिणाऱ्या डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक यांनी 2011 मधल्या आपल्या पहिल्या कादंबरीत हेच केलं: दोन मुख्य पात्रं, एकेकाने एकेक घेतलं आणि मग एकमेकांचं लिखाण तपासलं. तुमच्या कथेत दोन दृष्टिकोनांना जागा आहे का, ते आधी बघा. असेल तर तुमच्या वाचकांनी जो दोष म्हणून सांगितला, त्यातला बराचसा गुण होऊन जाईल. कथा एकाच निवेदकाची असेल तर मात्र हा उपाय नाही. मग पुढचं सगळं जास्त कसोशीने करावं लागेल.

खर्डा झाला की अदलाबदल. मी लिहिलेलं तो घेतो, त्याने लिहिलेलं मी. आणि इथे आमचा सगळ्यात कडक नियम येतो: समोरच्याच्या मजकुरावर थेट लिहायचं. समासात शेरे मारायचे नाहीत, ‘ट्रॅक चेंजेस’ लावायचं नाही. जुनी फाइल तारीख घालून बाजूला ठेवायची आणि नव्या फाइलमध्ये आपलंच लिखाण असल्यासारखं काम करायचं. पहिल्या कादंबरीच्या वेळी आम्ही बदलांच्या लाल रेघा दाखवायचो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की फाइल परत आली की मी परिच्छेद वाचतच नाही, फक्त लाल रेघा मोजते. कुठे कापलं, किती कापलं, का कापलं. वाचक म्हणून वाचायची शक्यताच संपायची. रेघा काढून टाकल्यावर पहिल्यांदा मी त्याने बदललेलं प्रकरण सलग वाचलं आणि चारच ठिकाणी अडखळले. प्रत्यक्षात त्याने शंभराहून जास्त बदल केले होते.

अडखळलो तर काय? जुनं वाक्य परत आणायचं नाही. बदललेलंही तसंच ठेवायचं नाही. तिसरं लिहायचं. हा नियम ऐकायला आडमुठा वाटेल, पण आमच्या तिन्ही पुस्तकांतल्या मला आवडणाऱ्या जागा त्यातूनच आल्या आहेत. एक उदाहरण जवळून दाखवते.

दुसऱ्या कादंबरीत मुलगा वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या खोलीत जातो. माझ्या सहलेखकाने लिहिलं होतं:

‘चष्म्याचं घर उघडं होतं. चष्मा नव्हता.’

मला हे फार तुटक वाटलं. मुलगा तिथे उभा आहे, त्याच्या मनात काहीतरी हलतंय, त्याचा पत्ताच नाही. मी बदललं:

‘वडिलांच्या टेबलावरच्या त्या रिकाम्या चष्म्याच्या घराकडे पाहताना त्याला पहिल्यांदाच जाणवलं, की या खोलीतून जगाकडे पाहणारं आता कोणी उरलेलं नाही.’

त्याला हे सहन झालं नाही. तो म्हणाला, ‘हे मुलाला जाणवलेलं नाही, हे तुला जाणवलंय.’ मी म्हणाले, ‘आणि तुझ्या वाक्यात कुणालाच काही जाणवत नाही.’ चार दिवस आम्ही या दोन ओळींवर अडून राहिलो. मी माझं वाक्य मोठ्याने वाचून दाखवायची, तो त्याचं. शेवटी नियमावर आलो: दोन्ही बाद. मग त्याने विचारलं, ‘तो तिथे उभा राहून करतो काय?’ तोवर आम्ही दोघांनीही हा विचार केला नव्हता. छापलेलं वाक्य असं आहे:

‘चष्म्याचं घर उघडं होतं. त्याने ते मिटलं. मग पुन्हा उघडून होतं तसं ठेवलं.’

यातला आखूडपणा त्याचा आहे. मुलगा तिथून हलत नाही, हे माझं आहे. पण ते मिटून पुन्हा उघडणं कुणाचं, हे आम्हाला दोघांनाही आज सांगता येत नाही. तुमच्या पुस्तकात अशा जागा येऊ लागल्या की वाचक दोन पुस्तकं म्हणणं बंद करतील.

तुमचा मित्र दुखावला, त्याचं कारण मला वाटतं शब्दात आहे. तुम्ही लिहिलं आहे, की तुम्ही त्याची वाक्यं ‘सुधारली’. सुधारणं म्हणजे ते चुकलं होतं असं ठरवून टाकणं. आम्ही एकमेकांना उपाय सांगतच नाही, फक्त ‘इथे मी थांबले’, ‘इथे मला दोनदा वाचावं लागलं’, ‘इथे मी पुढचं पान उलटलं नसतं’, एवढंच सांगतो. थांबले हे खोडून काढता येत नाही, कारण ते घडलेलं आहे. ‘हे वाक्य बोजड आहे’ यावर मात्र तासभर वाद घालता येतो. आणखी एक: त्यालाही तुमची वाक्यं बदलू द्या. तुम्ही भाषा सांभाळणारे आणि तो कथानक पाहणारा, असं एकदा ठरलं की त्याची वाक्यं उघड्यावर पडतात आणि तुमची बंद कपाटात राहतात. हे कुणालाही टोचेल. भाषा चांगली असणाऱ्या माणसाची एक ठरावीक खोड असते. त्याला स्वतःचं छान वाक्य कापवत नाही. माझी तीच होती. कथानकाचा विचार करणारा माणूस ते कापू शकतो, कारण त्याला पुढचा प्रसंग दिसत असतो.

मराठीत लिहिताना काही गोष्टी अशा आहेत की त्या आधीच ठरवल्या नाहीत तर दोन आवाज लगेच कळतात. निवेदन ‘केले, गेले, म्हणाले’ असं की ‘केलं, गेलं’ असं? दोघांपैकी एकजण पहिल्या वळणाचा आणि दुसरा दुसऱ्या, असं हमखास असतं आणि वाचकाला ते पहिल्या परिच्छेदात जाणवतं. काळ कोणता: ‘तो उठतो’ की ‘तो उठला’? संवादाआधी ‘तो म्हणाला’ घालायचं की संवाद नुसता सोडायचा? ‘पण’ने वाक्य सुरू करायचं का? इंग्रजी शब्द निवेदनात किती आणि संवादात किती? या सगळ्याचा आम्ही दोन पानांचा तक्ता करतो आणि तो दोघांच्याही टेबलावर असतो.

त्या तक्त्यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे कोण कुणाला तू म्हणतं आणि कोण तुम्ही. पहिल्या कादंबरीत हे लिहून ठेवलं नव्हतं. नायिका तिच्या वरिष्ठांना माझ्या सहलेखकाच्या प्रकरणात ‘तुम्ही’ म्हणायची आणि माझ्या पुढच्याच प्रकरणात ‘तू’. दोघांनाही ते दिसलं नाही. हस्तलिखित वाचणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं, ‘यांच्यात मधल्या काळात काय झालं, ते तुम्ही लपवून ठेवलंय का?’ आपल्या भाषेत एका सर्वनामाने एवढी मोठी गोष्ट सांगून होते, आणि ती आम्ही न कळत सांगितली होती. तेव्हापासून हा रकाना मी स्वतः भरते आणि पात्रं एकमेकांना नेमक्या कोणत्या पानावर ‘तू’ म्हणू लागतात तेही त्यात लिहिते.

वेगाचं लवकर बोलून घ्या. एकजण दिवसाला हजार शब्द लिहितो, दुसऱ्याचे तीनशे होतात. शब्दांची बरोबरी मागितली की सावकाश लिहिणारा वाईट लिहू लागतो. वेळेची बरोबरी मागा: आठवड्यात अमुक तास, बस.

अखेरचा शब्द कुणाचा, यावर आम्ही खूप चाचपडलो. एक कथानकात, एक भाषेत, असं करून पाहिलं. एकदा नाणंही उडवलं. आता जे चालतं ते असं: ज्या निर्णयामुळे ज्याला जास्त लिहावं लागणार, त्याचा शब्द अखेरचा. एखादं पात्र मधेच मरावं असं मला वाटत असेल आणि त्यानंतरची पाच प्रकरणं त्याला नव्याने लिहावी लागणार असतील, तर मी माझी बाजू मांडायची आणि गप्प बसायचं. बहुतेक वेळा असं होतं, की त्याने नाही म्हटलं तरी आठवड्याने तोच फोन करतो, किंवा माझ्याच लक्षात येतं की मरणाची काही गरज नव्हती.

मोठ्याने वाचणं सोडू नका. प्रकरण ज्याने शेवटी हाताळलं त्याने वाचायचं नाही, दुसऱ्याने वाचायचं. वाचणाऱ्याचा श्वास कुठे तुटतो ते ऐकणाऱ्याने पानावर खूण करून ठेवायचं. चर्चा पूर्ण प्रकरण संपल्यावर. दोन शैलींचा सांधा डोळ्यांना सापडत नाही तेव्हाही जिभेला सापडतो.

आता कागदपत्रांबद्दल, आणि हे मी मनापासून सांगते, कारण इथे मी हरले आहे. मैत्रिणीबरोबरची ती पहिली कादंबरी एकशे चाळीस पानांवर थांबली. भांडण झालं नाही. तिच्या आयुष्यात दुसरं काम आलं, तिला लिहायला वेळ होईना आणि मला एकटीने पुढे न्यायची होती. पण त्यातलं माझं काय आणि तिचं काय, हेच वेगळं काढता येईना. तिने ‘घे’ असंही म्हटलं नाही आणि ‘नको’ असंही नाही. विचारायला मला संकोच वाटला. ती पानं अजून माझ्या खणात आहेत. त्यातली एक आजी मला आजही आठवते आणि मी तिला दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात नेऊ शकत नाही. एका पानाचा कागद आधी लिहिला असता तर ती आजी आज छापलेली असती.

म्हणून आत्ता, मैत्री चांगली आहे तेव्हाच लिहा. नावं कोणत्या क्रमाने छापायची. मानधन कसं वाटायचं. आम्ही निम्मं-निम्मं करतो आणि कोणी किती पानं लिहिली ते मोजत नाही, तुम्हीही मोजू नका. एकाने सोडलं तर दुसऱ्याला पुढे लिहिता येईल का, आणि तेव्हा नाव कुणाचं. पात्रं घेऊन पुढचा भाग एकट्याला लिहिता येईल का. नाटक, सिनेमा, भाषांतर यांना संमती दोघांची लागेल की एकाची. यातल्या काही गोष्टींत देशोदेशीचे कायदे वेगवेगळे आहेत, म्हणूनच आपलं काय ठरलं ते शब्दांत हवं. वारसांचाही विचार करा: लेखकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार संयुक्त लेखनाच्या हक्काची मुदत मोजली जाते ती दोघांपैकी शेवटी हयात असलेल्या लेखकाच्या मृत्यूपासून. म्हणजे हा कागद तुम्हा दोघांपेक्षा कितीतरी जास्त जगणार आहे.

ऑग्युस्त माके हे नाव किती वाचकांना माहीत असतं? एकोणिसाव्या शतकात फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांद्र द्युमाच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबऱ्यांवर त्याने वर्षानुवर्षं काम केलं, आराखडे केले, कच्चे मसुदे लिहिले. मुखपृष्ठावर एकट्या द्युमाचं नाव होतं. पुढे तो कोर्टात गेला. त्याला पैसे मंजूर झाले, सहलेखक म्हणून नाव मिळालं नाही.

कागदावर शेवटी एक ओळ आम्ही आणखी घालतो: कोणता भाग कुणी लिहिला हे बाहेर सांगायचं नाही. वाचक हमखास विचारतात. एखादं वाक्य आवडलेला माणूस ते कुणाचं हे ऐकायला अधीर असतो. सांगितलं की त्या क्षणी सहलेखक त्या वाक्यापुरता परका होतो. चष्म्याचं घर मी वर उलगडून दाखवलं ते त्याला विचारून.

आता तुमच्या सहा प्रकरणांचं. सातवं सुरू करू नका. तुम्ही लिहिलेलं दुसरं प्रकरण त्याला द्या, त्याचं तिसरं तुम्ही घ्या. दोघांनी दोन आठवडे एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर न काढता ती नव्याने लिहा, जुन्या फाइल बाजूला ठेवून. मग भेटा. पहिली पाळी तुमच्या प्रकरणाची ठेवा, म्हणजे आधी तुमचं लिखाण बदललेलं ऐकायची वेळ तुमच्यावर येईल. ते तुम्हीच मोठ्याने वाचा आणि तुमचं एखादं आवडतं वाक्य सापडलं नाही तरी मध्ये थांबू नका, प्रकरण संपेपर्यंत वाचा.